मधली जागा

१

सोलापुराबाहेर होटगी रोडला वस्ती विरळ होत जाते आणि माळ सुरू होतो, तिथं उदयसिंहनं ड्रायव्हर तपासून द्यायचं केंद्र काढलं होतं. ट्रान्सपोर्टवाले, साखर कारखान्यांचे वाहतूक ठेकेदार, सिमेंटची पोती वाहणारे, कुणालाही नवा ड्रायव्हर ठेवायचा झाला की ते आधी त्याला इथं पाठवत. लायसन सगळ्यांच्याच खिशात असतं. पण गाडी खरंच हातात आहे का, डोळे आणि डोकं जागेवर आहेत का, समोर एखादं पोर आडवं आलं तर पाय आधी कुठं जाईल, हे शेजारी बसूनच कळतं. ते काम संगप्पा बिराजदारचं. अक्कलकोटकडचा माणूस, जन्म ट्रक चालवण्यात गेलेला. आता पन्नाशी उलटल्यावर त्यानं स्टिअरिंग सोडलं होतं. डाव्या सीटवर बसून तो दुसऱ्यांचं चालवणं बघायचा.

रोजचा क्रम ठरलेला. आधी मैदानात. कोनांमधून गाडी काढायची, मागं घेऊन रेघेत लावायची, चढावर थांबवून मागं न घसरू देता उचलायची. ते जमलं की निळ्या केबिनच्या जुन्या ट्रकमधून रस्त्यावर एक फेरी. होटगी स्टेशनच्या अलीकडचं रेल्वे फाटक, गावाला वळसा आणि परत.

महिपती म्हणून वैरागचा एक ड्रायव्हर त्या दिवशी आला होता. मैदानात त्याचा हात असा चालला की उदयसिंहसुद्धा ऑफिसातून बाहेर येऊन बघत उभा राहिला. मग ट्रक रस्त्यावर निघाला, आणि महिपतीनं पहिल्यावरून दुसरा गियर टाकला तेव्हा संगप्पाचं लक्ष त्याच्या डाव्या कोपराकडं गेलं.

कोपर बरगडीला चिकटलेलं. गियर मागं ओढताना हात मोकळा मागं जायला हवा, तो जातच नव्हता. नुसत्या मनगटानं ओढायचा, गियर अर्धवट बसायचा आणि कर्र आवाज व्हायचा.

"हात मोकळा सोड की," संगप्पा म्हणाला.

"सोडलाय की, अण्णा."

डावा आरसा बघतानाही तेच. महिपती पुढं वाकून, हनुवटी स्टिअरिंगवर आणून बघायचा. आपण आड येतोय असं वाटून संगप्पा पाठ टेकून मागं सरला. तरी महिपती तसाच वाकायचा. त्या दोघांच्या मध्ये इंजिनचं झाकण होतं, त्यावर रेक्झिनची गादी. क्लीनर नाहीतर वाटेत घेतलेलं माणूस बसतं ती जागा. फेरीला तिथं कधी कुणी बसत नसे, आत्ताही कुणी नव्हतं.

केंद्रात परत आल्यावर गाडी मागं घेताना महिपती अगदी हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "पाय... पाय घ्या जरा."

"काय म्हणालास?"

"कोण, मी?" महिपतीनं खरोखर चकित होऊन बघितलं. "मी कुटं काय म्हणलो?"

संगप्पा खाली उतरला. ते शब्द त्याच्या ओळखीचे होते.

२

पहिल्यांदा त्यानं गाडीलाच दोष दिला. मिस्त्रीला बोलावून गियरचा दांडा तपासून घेतला. दांडा सरळ होता. गादीतून तार वर आली असेल, कोपराला टोचत असेल म्हणून त्यानं गादीच काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्याकडचा एक पोरगेला ड्रायव्हर आला, त्यानं उघड्या पत्र्याशेजारीही कोपर तसंच आवळून धरलं. फेरी संपल्यावर संगप्पानं त्यालाच केंद्रातल्या दुसऱ्या ट्रकवर बसवलं. तिथं त्याचा हात पार मागपर्यंत गेला. पुन्हा निळ्या गाडीत आणला, कोपर पुन्हा बरगडीला.

"भाड्याची पोरं ही," उदयसिंह म्हणाला. "चहाच्या टपरीवर एकमेकाला सांगत असतील, अण्णांना असं चालवलेलं आवडतं म्हणून."

असेलही. संगप्पानं स्वतःला तेच सांगितलं. माणसं बघून बघून शिकतात, एकाचं पाहून दुसरा करतो. पण महिपती वैरागहून एकटाच आला होता, चहासुद्धा न घेता परत गेला होता. आणि आवळलेलं कोपर हे काही गाडी चालवण्याचं वळण नव्हतं. गर्दीच्या एस्टीत शेजारी बाईमाणूस बसलं की भला माणूस अंग चोरून बसतो. हे सगळे तसं करत होते.

हे त्याच्या मनात आलं तेव्हा तो गादी परत जागेवर बसवत होता. गादी ठेवली, आणि उगाच एकदा हातानं झटकली. कुणासाठी तरी झटकावी तशी.

३

जगदेवी, त्याची बायको, जाऊन तिसरं वर्ष चाललं होतं. पावसाळ्यातला ताप, सोलापुरातलं हॉस्पिटल, आणि मग काहीच नाही. लेक लग्न होऊन हुबळीला. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये संगप्पा एकटा. सकाळी तो दोन कप चहा टाकायचा आणि एक ओतून द्यायचा. आपण असं करतो हे त्याला माहीत होतं, ते थांबवावंसं त्याला वाटत नव्हतं.

चादरींच्या गाठी भरून तो दक्षिणेकडं जायचा, तेव्हा सुगी उरकली की जगदेवी त्याच्या गाडीत चढायची. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. ती इंजिनवरच्या गादीवर आडवी बसायची, एक पाय खाली दुमडून, दुसरा गियरच्या दांड्यापाशी सोडून. घाटात, पुलांवर, कुठंच तिनं समोर बघितलं नाही. तोंड कायम त्याच्याकडं. त्यांचं बोलणं कानडीत चालायचं. तो म्हणायचा, अगं बाहेर बघ, केवढी नदी आहे. ती म्हणायची, रस्ता तुम्ही बघा, मी तुम्हाला बघते. आणि गियर टाकायच्या आधी त्याला म्हणावं लागायचं, जगू, पाय. पाय घे जरा.

तिच्यामागं त्यानं एकदाच गाडी काढली होती. विजयपूरच्या वाटेवर डावा हात सारखा रिकाम्या जागेशी घुटमळायला लागला. तिथूनच परत फिरून त्यानं मालकाला किल्ल्या दिल्या. म्हणून हे डाव्या सीटचं काम.

आता दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन निळ्या ट्रकमध्ये जाऊन बसायला लागला. काचा बंद करून. पत्रा तापून तडतडायचा, लांबून रेल्वेची शिटी यायची. मधल्या जागेवर तो हात ठेवायचा. रेक्झिन तापलेलं असायचं, उन्हानं तापतं तेवढंच. तो कान देऊन ऐकायचा. डोळे मिटून बघायचा, मग एकदम उघडून बघायचा.

काही नव्हतं. दुसऱ्यांच्या कोपराला जे कळत होतं ते त्याला कळत नव्हतं. आपण चक्रम झालोय असं त्याला वाटायचं. आणि डबा उघडताना पोळीचा एक तुकडा तो तिच्या बाजूला सरकवायचा.

४

सोनम सांगोल्याकडून आली. मेंढरं राखणाऱ्या घरातली, तिशीच्या आतबाहेरची, सलवारीवर भावाचा शर्ट. बाजारात मेंढरं भरून नेणारी गाडी ती लग्नाआधीपासून चालवत होती. आता तिला मोठ्या गाडीवर काम हवं होतं. मैदानातलं सगळं तिनं न बोलता केलं.

रस्त्यावर निघाल्यावर संगप्पा कोपराकडं बघत राहिला. तिनं कोपर आवळलं नाही. ती खांदा किंचित फिरवून, हात वरून घेऊन गियर टाकत होती. गियर लोण्यात सुरी गेल्यासारखा बसत होता. म्हणजे मधली जागा तीही चुकवत होती, पण तिला ते जमत होतं.

"असं कुठं शिकलीस?"

"आमच्या गाडीत चार-चार माणसं बसत्यात की, अण्णा. हात आवळला तर गियर पडत न्हाय. वरनं घ्यावा लागतो."

"आता कुठं चार माणसं आहेत?"

सोनमनं क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडं. फाटक उघडं होतं. रूळ ओलांडून गाडी पलीकडं गेल्यावर तिनं विचारलं, "तुमच्या घरच्या हायत का ह्या?"

संगप्पानं विचारलं, "कोण ह्या?"

"मला वाटलं आल्या असतील संगं. बाईमाणूस गाडी चालवतंय म्हणून बघाया." तिचा आवाज खाली आला. "तुमाला न्हाय दिसत व्हय?"

"नाही."

गाडी चालूच होती. सोनमनं वेग कमी केला, पण थांबवली नाही. परीक्षा चालू आहे हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. नोकरी तिला हवी होती.

"नेसलीय काय?" संगप्पानं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"इरकल. हिरवं. एक पाय खाली घेतलाय."

"तोंड?"

"तोंड मला दिसत न्हाय, अण्णा. माज्याकडं पाठ हाय." तिनं खांदा फिरवून गियर खाली घेतला. "रस्त्याकडं बघतच न्हाय ती. चढल्यापास्नं तुमच्याकडं बघतीया. तुमी डावीकडं घे म्हणला, थांब म्हणला, की मान हलवतीया. हो म्हणल्यागत."

संगप्पानं उजवीकडं मान वळवली. त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर, जिथं तिचे डोळे असतील तिथं, सोनमचा शर्ट दिसत होता. पलीकडच्या खिडकीतून उसाची शेतं मागं पळत होती. तो बघत राहिला. कुणी आपल्याकडं इतक्या जवळून बघत असताना आपल्याला काहीच कसं जाणवत नाही, या विचारानं त्याचे डोळे भरून आले.

"भ्या वाटतंय का तुला?" त्यानं विचारलं.

"वाटतंय की," सोनम म्हणाली. "लई वेळ झाला, तिची पाठ श्वासानं हलल्यागत वाटत न्हाय. मान हलती, पन... चला अण्णा, परत घेते गाडी."

सोनमला त्यानं पास केलं. ती पास होण्यासारखीच होती. उदयसिंहनं तिला गाड्या इकडून तिकडं पोचवायच्या कामाला तिथंच ठेवून घेतलं.

५

त्यानंतर संगप्पाच्या फेऱ्या लांबत गेल्या.

गावाच्या वळशावरून परत यायचं ते तो पुढं जा म्हणायला लागला. नव्या ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा थांबायला लावायचा, पुन्हा निघायला लावायचा, म्हणजे आपल्याला बोलावं लागेल आणि ती मान हलवेल. सूचना देताना तो आता मध्ये बघून द्यायचा. आवाजही बदलला होता. "डावीकडं घे," असं तो इतक्या मायेनं म्हणायचा की ड्रायव्हर गोंधळून बघायचे. सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून तो कामावर यायला लागला. उदयसिंह म्हणाला, "अण्णा, तब्येत सुधारली तुमची."

कोपरं आवळली जात होती, गियर करकरत होते. ते त्याला दिसत होतं. त्याचं कामच ते होतं. तो बघून सोडून द्यायचा.

मग धुळा आला. जतकडचा, शांत, देवभोळा माणूस. उसाचा हंगाम भरात होता. फाटक ओलांडून परत येताना समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला, मागच्या ट्रॉलीतला ऊस रस्त्यावर हातभर बाहेर आलेला. धुळानं वेग तोडून गियर खाली घ्यायचा होता. त्यानं हात नेला आणि मध्येच थांबवला. पुन्हा नेला, पुन्हा आखडला. गाडी ना या गियरला ना त्या, तशीच उतारावर सुटली.

"टाक! गियर टाक!" संगप्पा ओरडला.

धुळानं गियर सोडून स्टिअरिंग ओढलं. ट्रक रस्ता सोडून खाली उतरला, बाभळीला घासला आणि उभा राहिला. उसाची टोकं उजव्या बाजूचा आरसा घेऊन गेली. ट्रॅक्टरवाला लांबून शिव्या देत निघून गेला. 

धुळाच्या कपाळातून रक्त येत होतं. तो हात जोडून मधल्या जागेला सांगत होता, "लागलं न्हाय न्हवं आई? लागलं न्हाय न्हवं?" मग भानावर येऊन संगप्पाकडं वळला. "मला कायतरी मऊ लागलं, अण्णा, कोपराला. म्हणून हात निघंना. माझी तीन लेकरं हायत घरला. आता मला नापास करशीला."

संगप्पानं आपल्या रुमालानं त्याचं कपाळ बांधलं. "तू नापास नाहीस," तो म्हणाला. "गाडी नापास आहे."

६

"कसला दोष सांगू मालकांना?" उदयसिंहनं विचारलं. गाडी त्याच्या सासऱ्यांच्या नावावर होती.

"गियर बसत नाही. माणूस मरेल एखादं. विकूही नका रस्त्यावर चालवायला. भंगारात द्या."

"मिस्त्री तर म्हणतो..."

"मिस्त्री शेजारी बसत नाही. मी बसतो."

उदयसिंह त्याचं ऐकायचा. वैरागला त्याच्या ओळखीचा भंगारवाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सोनमनं गाडी तिकडं न्यायची असं ठरलं.

सकाळी आठ वाजता संगप्पा एकटाच निळ्या ट्रकच्या उजव्या दारातून चढला. दोन-अडीच वर्षांनी त्यानं स्टिअरिंगला हात लावला. आतून त्यानं डाव्या बाजूची काच वर करून घेतली, दार ओढून बघितलं आणि गाडी काढली. पहिला, दुसरा, तिसरा. हात मोकळा जात होता. शेजारी रिकामी गादी, पलीकडं रिकामी सीट. माझ्यासाठी नाहीच, त्याला वाटलं. मी सोडून सगळ्यांसाठी.

फाटक पडलेलं होतं. त्यानं गाडी थांबवली. मागं एक जीप, दोन मोटारसायकली येऊन लागल्या. लांबून मालगाडीचा आवाज वाढत आला आणि डबे समोरून जायला लागले. त्या धडधडाटात, अगदी जवळून, त्याला ऐकू आलं.

"हौद्री."

कानडीतला होकार. तो सगळेच देतात. पण शेवटचं अक्षर थोडं लांबवून, हसू दाबून दिलेला तसा होकार जगदेवी एकाच माणसाला द्यायची.

त्यानं लगेच मान वळवली नाही. आधी डोळ्याच्या कडेनं हिरवं दिसलं. मग गुडघा. मग त्यानं बघितलं.

पाठ होती. पाठीवर सैल पडलेला पदर, मानेवरचा अंबाडा, त्यातून सुटलेली ती कायमची एक बट. मानेवरचा तीळ. सगळं होतं तसं. ती डाव्या सीटकडं तोंड करून बसली होती आणि ऐकत होती. मान थोडी कलती करून, कुणी बोलत असताना ऐकावं तसं. मध्येच खांदे हलले. ती हसत होती.

"जगू," तो म्हणाला.

ती वळली नाही.

"जगू, मी इकडं आहे. अगं, इकडं."

तिनं मागं न बघता उजवा हात उचलला आणि तळवा त्याच्याकडं करून धरला. थांबा जरा. दोघं बोलत असताना मध्येच तोंड घालणाऱ्या ड्रायव्हरला करावी तशी खूण. तळव्यावर कामाच्या रेषा होत्या. हात खाली गेला आणि ती पुन्हा ऐकायला लागली.

संगप्पाला तिच्यापलीकडचं दिसत नव्हतं. पुढं वाकलं असतं तर दिसलं असतं. त्यानं वाकून बघितलं नाही. तिथं कोण आहे ते त्याला बघायचं नव्हतं आणि त्याच वेळी ते हसू पुन्हा ऐकायचं होतं.

फाटक उघडलं. मागची जीप हॉर्नवर हॉर्न द्यायला लागली. गाडी तर न्यायलाच हवी होती. त्यानं गियरला हात घातला, आणि त्याचं स्वतःचं कोपर आपोआप बरगडीला येऊन चिकटलं. गियर कर्र वाजला. रूळ ओलांडताना केबिन हादरली, तेव्हा मधली जागा रिकामी झाली होती. फक्त डाव्या बाजूची काच, जी त्यानं वर करून घेतली होती, ती पूर्ण खाली होती.

७

दुपारी सोनम आली. स्टिअरिंगवर बसली, आणि मधल्या जागेकडं एकदा बघून तिनं नजर समोर ठेवली.

"आहे का?" खाली उभ्या संगप्पानं विचारलं.

"हाय की."

तो डाव्या दारानं चढून आपल्या रोजच्या सीटवर बसला. सोनमनं तोंड खिडकीबाहेर केलं, जणू दुसऱ्याच्या घरात शिरली होती.

"माझ्याकडं बघतीय?"

"तुमच्याकडंच. दुसरं कोण हाय तितं?"

इतके दिवस मनात साठवलेलं सगळं कुठं गेलं कुणास ठाऊक. "ऊन लागतंय का?" त्यानं कानडीत विचारलं. "जेवलीस का?" मग म्हणाला, "चहा अजून दोन कप करतो मी."

"मान हलवतीया," सोनम हळू म्हणाली. ओढणीनं तिनं डोळे पुसले. "चला की, अण्णा, संगं. वैरागपातुर तरी चला."

त्याला जायचं होतं. वैरागपर्यंत, आणि पुढं कुठंही. पण सकाळचा तो तळवा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. एक गोष्ट बघून घ्यायला हवी होती. तो उठला, दार उघडून सावकाश खाली उतरला आणि वर बघत उभा राहिला.

"आता? आता कुठं बघतीय?"

सोनम मधल्या जागेकडं बघत राहिली.

"सांग की."

"तितंच," सोनम म्हणाली. "सीटकडंच बघतीया, अण्णा. तुमी उतरलेलं तिला... मान हलवतीया बगा."

संगप्पानं वर चढायला दांडीला हात घातला. तेवढ्यात दार लागलं. आतून कुणी ओढून घ्यावं तसं. सोनमला वाटलं त्यानंच लावलं. तिचा धीर सुटला होता, उजेड आहे तोवर तिला पोचायचं होतं. तिनं गाडी सुरू केली, खांदा फिरवून गियर टाकला आणि ट्रक केंद्राच्या गेटकडं निघाला.

गेटपाशी तो वळला, तेव्हा डावी बाजू संगप्पाच्या समोर आली. खिडकीत एक हात टेकला होता. कोपर बाहेर, पांढऱ्या शर्टाची बाही दोन घड्या घालून वर दुमडलेली.

संगप्पानं आपल्या हातावरच्या तशाच दुमडलेल्या बाहीकडं बघितलं. मग तो धावत सुटला.

"जगू!" तो ओरडत होता. "जगू, तो मी नव्हं! अगं, तो मी नव्हं!"

उदयसिंह ऑफिसातून बाहेर आला. वॉचमन खुर्चीतून उठला. ट्रक होटगी रोडला लागला आणि शहराच्या दिशेनं दिसेनासा झाला. धावणारा माणूस रस्त्याच्या मधोमध उभा होता, आणि मागची गाडी हॉर्न वाजवत होती.

८

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला सोनमचा फोन आला.

"पोचली का गाडी?"

"पोचली. दिली भंगारवाल्याच्या ताब्यात. त्यानं आत बसून बघितली, दांडा हलवून बघितला. त्याचा हात मोकळा चालला, अण्णा."

संगप्पा जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी उभा होता. खाली रिक्षा वळत होत्या. "म्हणजे नाही ती?"

"न्हाय." थोडं थांबून सोनम म्हणाली, "मी सगळ्या वाटंनं डावा आरसा बघितलाच न्हाय. तुमी असतासा तर नापास केलं असतं मला."

"कुठं उतरली?"

"बाळ्याच्या पुढं उसाच्या गाड्यांनी रस्ता अडला हुता. तितं उभी हुते मी. डावीकडचं दार उघडलं. मी समोर बघत हुते, देवाचं नाव घेत हुते. मग दार लागलं."

"एकदाच?"

"उघडलं एकदाच, लागलं एकदाच." तिचा श्वास ऐकू येत होता. "पन गाडी दोनदा हलली, अण्णा. माणूस उतरल्यावर हलती तशी."

खालून कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं.

"पुढं दोघं उसाच्या फडाकडं गेलेली जराशी दिसली. मागनंच. मी लगेच मान फिरवली."

"ती कशी होती?" त्यानं विचारलं. "सोनम, एवढंच सांग. ती कशी होती?"

फोनमध्ये वाऱ्याची घरघर येत होती. वैरागच्या रस्त्यावर ती कुठंतरी उघड्यावर उभी असावी.

"लई खुशीत हुती," सोनम म्हणाली. "त्याच्या तोंडाकडं बघत चालली हुती. खाली बघतच नव्हती."

तिनं फोन ठेवला. संगप्पानं तो कानाशी तसाच धरून ठेवला होता.